हंडा मागे, मी पुढे

अहो, गाडी विकली.

सरळच सांगते. आडवळणाने सांगितलेलं तुम्हाला कधी कळायचं नाही, आणि आता उलटून बोलायलाही तुम्ही नाही. तुम्हाला जाऊन महिना झाला. दर दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ चढवताना तुम्ही छाती काढून म्हणायचात, "मी मेलो तरी ही गाडी घराबाहेर जाणार नाही." तुम्ही गेलात आणि तुमच्या मागोमाग गाडीही गेली. कुणाकडे गेली तेही ऐका. बाळू शिरसाठकडे.

हो, पंचवटीतल्या बाळू शिरसाठकडेच. नाशकात लग्नाकार्याला भांडी भाड्याने देणारे कितीतरी असतील, पण तुमचा वैरी एकच. त्याचं नाव निघालं की तुमचा घास ताटातच राहायचा. म्हणून मुद्दाम त्याला दिली. दुसरा एक जण जास्त द्यायला तयार होता, त्याला मी दारातूनच वाटेला लावलं. गल्लीतले लोक म्हणतात, नवरा गेला आणि बाईचं डोकं फिरलं. म्हणू देत. माझं डोकं आज फिरलेलं नाही. ते अकरा वर्षांपूर्वी सायखेड्याच्या रस्त्यावर फिरलं होतं, तेव्हा कुणी विचारायला आलं नाही.

गाडीबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही, तिचा काही दोष नव्हता. मामंजींनी नामपूर सोडून नाशकात दुकान टाकलं तेव्हा देवळालीच्या लष्करी लिलावातून ती पिकअप आणली. मी दुष्काळाच्या साली लग्न होऊन आले तेव्हाच ती म्हातारी झाली होती. वरचा निळा रंग पोपडे धरून निघायचा आणि खालून लष्करी हिरवा डोकावायचा. समोरच्या काचेवर 'आई सप्तशृंगी प्रसन्न'. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार सुतळीने बांधलेलं. तुम्ही समोर उभे राहून हँडल मारलंत की आधी ती शिंकायची, मग खोकायची, मग सगळी गल्ली धुराने भरून टाकायची. पण एकदा निघाली की पोचायची. नवरदेव वाटेत अडकल्याचं मी पाहिलंय, आपली पातेली वाटेत अडकल्याचं पाहिलं नाही.

पुढे दोनच जागा. एक तुमची, आणि दुसरी मानाची. मानाच्या जागेवर मामंजी असेपर्यंत मामंजी बसत आणि त्यांच्या मांडीवर हंडा असे. मामंजी गेल्यावर हंडा एकटाच बसू लागला.

त्या हंड्याचं कौतुक तुम्ही माणसांना इतक्या वेळा सांगितलंत की मलाही पाठ झालं होतं. मामंजी नामपूरहून निघाले तेव्हा त्यांच्या डोक्यावर तो एकच तांब्याचा हंडा होता. तो पहिल्यांदा कुणाच्या तरी बारशाला भाड्याने दिला, तिथून धंदा उभा राहिला. म्हणून प्रत्येक ऑर्डरबरोबर हंडा जायचा. लग्नघरी त्याचं कामच नसायचं. आचारी त्याला हात लावत नसत, कोपऱ्यात ठेवून देत. पण जायचा मात्र पुढच्या सीटवर बसून. निघण्याआधी मी दारातून हात आत घालून त्याला हळदकुंकू लावायचं, दोन अक्षता टाकायच्या. तुम्ही त्याच्या पोटाभोवती उपरणं गुंडाळून सीटला गाठ मारायचात. मग हात पुसून मी फाळक्यावर पाय देऊन मागच्या हौद्यात चढायचं.

लग्नाच्या दिवशीसुद्धा मी मागे बसूनच तुमच्या घरी आले. डोक्याला मुंडावळ्या आणि आजूबाजूला खरकटी पातेली. तेव्हा वाटलं, नवीन आहे, आज मागे बसले तर काय झालं, उद्या पुढे बसवतील. किती भाबडी होते मी. तो उद्या यायला चौदा वर्षं लागली, आणि त्यासाठी तुम्हाला जावं लागलं.

माझी जागा ठरलेली होती. केबिनच्या मागच्या काचेला लागून डावीकडचा कोपरा. एक मोठं पातेलं पालथं घालायचं, त्यावर पोतं, त्यावर मी. एक हात बाजूच्या फळीवर, दुसरा पुढच्या परातींच्या चळतीवर, त्या घसरू नयेत म्हणून. ऊन, धूळ, मागून येणाऱ्या ट्रकचा धूर, सगळं तोंडावर. मी धंद्यासाठी जायचे हे खरं. लग्नात दोन-तीन ठिकाणची भांडी आली की आचारी अदलाबदल करतात, आणि आपलं भांडं कुठलं, परकं कुठलं हे माझ्या हाताला न बघता कळायचं. तुम्ही चारचौघांत सांगायचात, "आमच्या शालनला डोळे बांधून सोडा, आपली झारी बरोबर काढून देईल." मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं का बोलू? पण घरी जाताना डोळे उघडे असलेल्या शालनला बसायला पालथं पातेलंच होतं.

केबिन तुम्ही स्वतः पुसायचात. आत कुणी शिरलेलं तुम्हाला खपत नसे. आत आरसा असूनही मागचं वाहन बघायला तुम्ही खिडकीतून डोकं बाहेर काढायचात, रस्त्यावरची पोरं हसायची. मी मागून ओरडायचे, "अहो, डोकं आत घ्या!" तुम्हाला ते कधी ऐकू जायचं नाही. निदान तुम्ही तसं म्हणायचात.

आता सायखेड्याचं. तुम्ही असतात तर इथे उठून बाहेर गेला असतात. आता बसा.

आणीबाणीतला उन्हाळा होता. मला सातवा महिना. सायखेड्याला एका शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न, गोदावरीच्या काठाला मांडव. मी म्हटलं होतं, या वेळी नको. तुम्ही म्हणालात, मोठी ऑर्डर आहे, तुझ्याशिवाय भांडी कोण ओळखणार, सावकाश नेतो. नेलंत सावकाश. येताना मात्र तुम्हाला दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरची घाई झाली होती. चढताना मी विचारलं, "आजच्या दिवस हंडा मागे ठेवूया का?" मोठ्याने नाही, हळूच विचारलं. तुम्ही उपरण्याची गाठ मारत होतात. म्हणालात, "अगं, अर्ध्या-पाऊण तासाचा तर प्रश्न आहे."

गाव मागे पडलं आणि मला कळ आली. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. एकेका खड्ड्याला माझ्याखालचं पातेलं उडायचं. मी काचेवर हात आपटला. मग मूठ आपटली. बांगड्या फुटून हातात घुसल्या. तुमचं डोकं मला काचेतून दिसत होतं, मानेवरचा घाम दिसत होता, शेजारी उपरणं गुंडाळलेला हंडा डुलत होता. भांड्यांचा आवाज इतका होता की मला माझीच हाक ऐकू येत नव्हती. तुम्ही थांबला नाहीत.

थांबलात ते गाडीतलं पाणी उकळलं म्हणून. एका कडुनिंबाखाली करकचून ब्रेक मारलात, त्या झटक्याने उपरण्याची गाठ सुटली आणि हंडा समोर आपटला. तुम्ही आधी हंडा उचलून सीटवर ठेवलात. मी काचेतून बघत होते. मग खाली उतरून बॉनेट उघडलंत. मग पाण्याचा डबा घ्यायला मागे आलात, कारण डबा माझ्या पायाशी होता. तेव्हा मी तुम्हाला दिसले.

तुमचा चेहरा मला आठवतो. तसा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. तुम्ही पाण्याचा डबा गाडीला न देता मला दिलात, सदरा काढून माझ्याखाली घातलात आणि उकळत्या गाडीने उघड्या अंगाने नाशकापर्यंत आलात. इंजिन फुटलं असतं तरी तुम्ही थांबला नसतात. हे मी विसरलेले नाही. दवाखान्यात नर्सबाई म्हणाल्या, मुलगी होती. डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर नेऊन सांगितलं की आता पुन्हा नाही. तुम्ही आत आलात आणि कॉटच्या दांडीला धरून उभे राहिलात. तुम्ही म्हणालात, "मला ऐकू आलं नाही गं. दिसलं असतं तर थांबलो नसतो का?"

मी मान हलवली. भांड्यांचा आवाज मलाही ठाऊक होता. मी विश्वास ठेवला.

घरात मात्र पुढचे कितीतरी दिवस बोलणं झालं ते हंड्याला पोचा पडल्याचं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला पोचा दाखवायच्या. नामपूरहून तुमचे थोरले भाऊ, नाना, मुद्दाम बघायला आले. मी आतल्या खोलीत छातीला कापड बांधून पडले होते, दूध उतरत होतं, प्यायला कुणी नव्हतं, आणि बाहेर माणसं विचारत होती, पोचा निघेल का. तुम्ही हंडा तांबट आळीत नेलात. बराचसा निघाला, थोडा राहिला. तुम्ही तेवढ्यावर रोज बोट फिरवायचात. मी त्या हंड्यावर दात धरला तो तेव्हापासून. माणसाने हंड्यावर दात धरावा, हे कुणाला सांगायचं?

आता तुमच्या बाजूचंही बोलते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. वर्षभराने नाना आणि सासूबाईंनी दुसऱ्या लग्नाचं काढलं. सटाण्याकडची मुलगीही पाहून ठेवली होती. मी स्वयंपाकघरात होते, हातातलं पीठ तसंच. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "परत हा विषय काढला तर मी आणि शालन दुसरीकडे खोली घेऊन राहू." नानांनी आवाज चढवला, तुम्ही त्यांच्यावर चढवलात. त्या दिवशी मी देवापुढे नाही, तुमच्या चपलांपुढे डोकं टेकलं होतं, तुम्ही पाहिलं नाही. माझ्यासाठी तुम्ही आईशी भांडलात, भावाशी वर्षभर अबोला धरलात. फक्त हंडा मागे ठेवला नाहीत.

उलट काय केलंत? माझा कोपरा सजवलात! पातेल्यावर पोत्याऐवजी जाड गादी आली. वर ताडपत्रीचं छप्पर झालं. धरायला लोखंडी दांडी बसवलीत. पाण्याची सुरई ठेवलीत. चांदवडला जाताना घाटाच्या आधी गाडी थांबवून मागे येऊन विचारायचात, "बरी आहेस ना?" मी म्हणायचे, "बरी आहे." दोन पावलांवर रिकामी होऊ शकणारी सीट होती, आणि तुम्ही मला गादी देत होतात. मला तेव्हा रडावं की हसावं कळायचं नाही. आज कळतं. ती गादी तुमच्या तोंडावर फेकायला हवी होती.

चांदवडच्याच एका लग्नात बाळू शिरसाठ भेटला. नवी मेटॅडोर घेतली होती. मांडवासमोर थांबली आणि पुढच्या दारातून त्याची बायको मंगल उतरली. हातात घड्याळ, डोक्यावरचा पदर जिथल्या तिथे, तोंडावर धुळीचा कण नाही. मी आपल्या फाळक्यावरून उलटी उतरत होते, पाय जमिनीला पुरत नव्हता. तुम्ही हसून आचाऱ्याला म्हणालात, "बायकोला पुढं बसवून फिरतो, बाईलवेडा." आचारीही हसला. मंगलने ऐकलं, आणि ती माझ्याकडे बघून हसली नाही. तिने येऊन माझ्या हातातली पिशवी घेतली.

परत येताना तुम्ही ओझरजवळ चहाला थांबलात. तिथे मी सायखेड्यानंतर पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "हंड्याला मागे बांधलं तर काय होतं?"

तुम्ही बशीत चहा ओतत होतात. रागावलात की तुमच्या तोंडी नामपूरची बोली यायची. "बापनी जो हंडा पुढे ठेवा, तो मी मागे टाकू?"

"त्या दिवशी मी पुढे असते तर?"

तुम्ही बशी खाली ठेवलीत. "किती वेळा सांगू? ऐकू आलं नाही. दिसलं नाही. पाठीला डोळे आहेत का मला?"

टपरीवाला बघायला लागला. तुम्ही चहा तसाच टाकून उठलात. ते भांडण तिथेच, ओझरच्या टपरीवर राहिलं. पुढे सहा वर्षं आपण एका ताटात जेवलो, पण तो विषय ना तुम्ही काढलात ना मी. मला वाटायचं, म्हातारपणी कधीतरी निवांत बसून विचारीन. तुम्ही म्हातारपणाची वाटच पाहिली नाहीत.

तेराव्याला नाना आले. जेवणं झाली, पानं उचलली आणि त्यांनी मला समोर बसवलं. गाडी न्यायला आलोय, म्हणाले.

"कुठे?"

"नामपूरला. गाडी आमना बापनी शे. घरमाच राही. तुला मूल ना बाळ, तू काय करशील तिचं?"

ते दोन शब्द त्यांनी किती सहज उच्चारले, मूल ना बाळ. मी तरीही गप्प राहिले असते. चौदा वर्षांची सवय होती. पण ते पुढे म्हणाले, "हंडा पण नेतो. आता त्याला हळदकुंकू कोण लावणार? तुझा हात तर चालायचा नाही."

अहो, मला त्या क्षणी तुमच्यावर इतका राग आला की तुम्ही समोर असतात तर काय केलं असतं सांगता येत नाही. चौदा वर्षं ज्या हाताने कुंकू लावलं, तो हात आता चालत नाही! हंड्याचा मान तेवढा शाबूत, माझाच तेवढा तुमच्याबरोबर गेला. मी उठले. म्हटलं, "नाना, गाडी यांच्या नावावर होती, आता माझ्याकडे आली. आणि ती मी विकणार आहे."

"विकणार? कुणाला?"

माझ्या तोंडातून नाव आपोआप आलं. नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तुमचाही अगदी तसाच झाला असता, नाक तेच आहे ना.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पंचवटीत गेले. बाळूभाऊ दारात उभे राहून बघतच राहिले. मंगलने मला आत नेऊन बसवलं. मी सांगितल्यावर ते कान खाजवत म्हणाले, "वहिनी, भाऊ असते तर त्यांनी मला गाडीच्या सावलीतबी उभं केलं नसतं."

"म्हणूनच तुम्हाला देतेय."

"मांडवाचे बांबू न्यायला लय कामाची हाय गाडी. पण तुम्ही रागात हाये. राग उतरला की पस्तावाल."

"राग उतरण्यातला नाही. माझी एकच अट आहे. ताबा घ्याल त्या दिवशी एक फेरी सायखेड्याची. मी पुढे बसणार. हंडा मागे."

बाळूभाऊंना काही कळलं नाही. मंगलला कळलं. ती नवऱ्याला म्हणाली, "विचार करत काय बसलाय? हो म्हणा."

ती फेरी काल झाली.

सकाळी मी हंडा घासला. कुंकू लावलं नाही. लावता येत नाही म्हणून नव्हे, लावायचं नव्हतं म्हणून. माझ्या कोपऱ्यात पातेलं पालथं घातलं. गादी काढून घेतली, जुनं पोतं टाकलं. वर हंडा ठेवला आणि सैल दोरीने दांडीला अडकवला, पडू नये पण बसूही नये निवांत, इतका. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. बाळूभाऊंनी दार उघडून धरलं. "बसा वहिनी, हाय काय अन् नाय काय."

मी पुढे बसले. सीटची स्प्रिंग टोचते हो. ज्या जागेसाठी मी चौदा वर्षं झुरले, तिथे हंड्याच्या बुडाने गोल खळगा पडलाय आणि माणसाला नीट बसताही येत नाही. तरी बसले. समोरून वारा आला. रस्ता आधी समोरून येतो आणि मग मागे जातो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं मला फक्त गेलेला रस्ता दिसायचा.

मागे हंडा लागला वाजायला.

आडगाव सोडलं तेव्हा बाळूभाऊंनी दोनदा मान वाकडी करून आरशात पाहिलं. "वहिनी, हा आरसा असा कसा लावलाय? मागचा रस्ता कायबी दिसत नाय." हाताने फिरवायला गेले, हलेना. "तारेनं आवळलाय. वर गंज चढलाय. लय वर्षं कुणी हात लावलेला नाय याला."

"मग काय दिसतं त्यात?"

"तुमचा हंडा दिसतोय ना. दुसरं काय नाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, थांबवा. ते म्हणाले, सायखेडा अजून लांब आहे. मी म्हटलं, तो कडुनिंब येईल, तिथे थांबवा.

कडुनिंब आहे अजून. मी त्यांना उतरायला सांगितलं, त्यांनी सुतळी सोडली आणि मी तुमच्या जागेवर जाऊन बसले. चाकाला हात लावला नाही. तुम्ही बसायचात तशी ताठ बसले आणि वर पाहिलं.

किती स्वच्छ दिसतं हो तिथून! सगळा कोपरा दिसतो. दांडी दिसते, फळी दिसते. पातेल्यावर बसलेला हंडा पार गळ्यापासून बुडापर्यंत दिसतो. तांबट आळीत न निघालेला तो एवढासा पोचासुद्धा दिसतो. तिथे बसलेल्या बाईची काचेवर आपटणारी मूठ दिसणार नाही, असं कसं होईल? पाठीला डोळे होते तुमच्या. तारेने बांधलेले होते.

आता एकच सांगा. तो आरसा तुम्ही कधी बांधलात? त्या दिवसाच्या आधी की नंतर?

आधी बांधला असेल, तर तुम्ही पाहिलंत आणि गाडी हाकत राहिलात. आणि नंतर बांधला असेल, तर त्या दिवसानंतर अकरा वर्षं तुम्ही रस्त्याऐवजी मला बघत गाडी चालवलीत. म्हणून तर खिडकीतून डोकं काढावं लागायचं. मी आठवून आठवून थकले, डोकं बाहेर काढायची ती सवय आधीची की नंतरची. आठवत नाही. मन म्हणतं, नंतरचीच असणार. उघड्या अंगाने गाडी हाणणारा माणूस बघून न बघितल्यासारखं करणार नाही. मग दुसरं मन म्हणतं, नंतर बांधलास ना, मग इतकी वर्षं मला बघत होतास, ऊन लागताना, धूळ खाताना, पदर तोंडात धरून रडताना बघत होतास, तर एकदा तरी हंडा उचलून मागे ठेवायचा होतास. हो, अरे-तुरे केलं. इथे कोण आहे ऐकायला?

मी तिथे बसून रडले. तुमच्यासाठी की त्या पोरीसाठी, ते मलाच ठाऊक नाही. बाळूभाऊ झाडाखाली पाठ करून उभे होते. तुम्ही त्यांना काय काय म्हणायचात, आणि त्यांना पाठ फिरवायचं भान होतं.

मग मी त्यांच्याकडून पकड मागून घेतली. तार पिळून पिळून तोडली. आरसा दोन्ही हातांनी धरून फिरवला, आधी कुरकुरला, मग गंजाचा भुगा माझ्या मांडीवर पडला आणि तो वळला. आता त्यात मागचा रस्ता दिसतो. कोपरा दिसत नाही. तुम्ही कुठून बघत असाल तर तेही आता बंद.

मी पुन्हा माझ्या जागेवर येऊन बसले, खळग्यात. बाळूभाऊंनी हँडल मारलं. पुढचा रस्ता अजून तसाच आहे, कुणी दुरुस्त केलेला नाही. पहिल्याच खड्ड्याला हंडा पातेल्यावरून उडाला आणि फळीवर आदळला. दुसऱ्याला दोरी सुटली असावी, कारण मग तो हौदाभर गडगडत, आपटत सुटला. बाळूभाऊंनी आरशात पाहिलं, काही दिसलं नाही. त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"वहिनी, हंडा आपटतोय मागं. पोचे पडतील. थांबवू का?"

मी समोर बघत म्हटलं, "चालू द्या. मला काही ऐकू येत नाही."